तळ्याचा कट्टा परत द्या

प्रति,
माननीय मुख्याधिकारी, नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
आपल्या गावची नगरपरिषद

स. न. वि. वि.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेल. बाकीच्यांनी वाचताना आपापल्या गावचं तळं, नदीकाठ किंवा स्टँडसमोरचा पार डोळ्यांपुढे आणावा.

तळ्यासमोर माझं औषधांचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. काउंटरमागे उभं राहिलं की समोर रस्ता, रस्त्यापलीकडे करंज आणि कडुनिंबांची रांग, झाडांखाली दगडी कट्टा आणि त्यामागे पाणी, हे मी रोज बघत आले. गेल्या डिसेंबरात तुम्ही तो कट्टा जेसीबी लावून उखडलात. त्याच्या जागी छातीएवढं उंच स्टीलचं रेलिंग बसवलंत. फलकावर लिहिलं आहे, ‘तलाव सुशोभीकरण, टप्पा १’. आता दुसऱ्या टप्प्यात घाटाच्या बाजूचा उरलेला कट्टाही जाणार असं कळतं.

मी दोन अर्ज दिले. पहिल्याची फक्त पोच मिळाली. दुसऱ्याला एका ओळीचं उत्तर आलं, ‘काम मंजूर आराखड्याप्रमाणे सुरू आहे.’ म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

अण्णांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्यामुळेच मला हे सगळं नीट दिसलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं गाडी चालवली, मुक्कामाच्या फेऱ्या केल्या. घरात बसायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. २०१९ मध्ये आई गेली. त्यानंतर दोन-अडीच महिने ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एके दिवशी मी विसरलेला डबा द्यायला दुकानावर आले, परत जाताना कट्ट्यावर टेकले आणि तासभर उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी द्यायला काही नव्हतं, तरी आले. करंजाच्या तिसऱ्या झाडाखाली एक दगड मधोमध झिजून जरा खोलगट झाला होता. ती त्यांची जागा ठरली. रुमाल झटकून अंथरायचा, चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि पाण्याकडे तोंड करून बसायचं. पंधरा दिवसांत शेजारी एक निवृत्त तलाठी येऊन बसू लागले. मग सायकल दुरुस्तीचं दुकान मुलाकडे सोपवलेले चाचा आले. मग एक मास्तर, ज्यांना ऐकू कमी यायचं आणि म्हणून सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागायचं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पावसाळ्यात ही मंडळी माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली येऊन उभी राहायची आणि सर थांबली की पुन्हा ओल्या दगडावर पिशव्या अंथरून बसायची.

२०२२ मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय ओढत चालावं लागतं. फिजिओथेरपिस्टने रोज चालायला सांगितलं. घरापासून कट्ट्यापर्यंत सहाशे पावलं आहेत, अण्णांनी मोजली होती. ती सहाशे पावलं ते न चुकता चालायचे, कारण शेवटी टेकायला मिळणार होतं. धडधाकट माणसाच्या हे लक्षात येत नाही. पाय ओढत चालणाऱ्याचा सगळा रस्ता टेकायच्या जागांवरून ठरतो. कुठे ओटा आहे, कुठे पायरी आहे, कुठल्या दुकानदाराने स्टूल दिलं तर देईल, हे तो घरातून निघतानाच मनात मांडतो.

कट्टा पाडल्यावर ते तीन दिवस गेले. रेलिंगला धरून उभे राहिले. दहा मिनिटांत पाय थरथरायला लागायचा. मी दुकानातून बघत होते. चौथ्या दिवशी गेले नाहीत, आणि त्यानंतर गेलेच नाहीत.

आता ते टीव्हीसमोर असतात. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर चिडतात आणि मीही उलटून बोलते. मग रात्री दोघांनाही वाईट वाटतं. गेल्या महिन्यात त्यांनी मला झोपेची गोळी मागितली. त्यांना झोप का येत नाही हे मला कळत होतं. दिवसभरात ते कुठे गेले नव्हते, कुणाशी बोलले नव्हते, उन्हात बसले नव्हते.

माणूस चिडका, घाबरट, हसरा किंवा बोलका का असतो याचं उत्तर आपण त्याच्या स्वभावात शोधतो. अण्णांचा स्वभाव डिसेंबरात बदललेला नाही. त्यांच्या भोवतालचं बदललं.

आमच्या पेशातली एक गोष्ट इथे सांगते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती. त्यांच्याशी वयाने आणि प्रकृतीने जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत दिसत होती. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधं कमी लागली. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ४६ माणसांवरून जगाचा नियम ठरत नाही, हे मलाही कळतं. पण रुग्णालयं बांधणारे लोक तेव्हापासून खिडकीबाहेर काय दिसतं याचा विचार करू लागले. समोर काय दिसतं याचा शरीरावर, दुखण्यावर परिणाम होतो, ही गोष्ट आता कुणी हसण्यावारी नेत नाही. तुम्ही आमच्यासमोर जे उभं केलंत त्याचाही होतो आहे. माझ्या तक्रारी त्याबद्दलच आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. गावातली बसायची एकमेव फुकटची जागा तुम्ही काढून घेतलीत.

मंगळवारी आपला बाजार भरतो. वाड्या-वस्त्यांवरच्या बायका सकाळच्या पहिल्या गाडीने येतात. टोपलीत कोथिंबीर, शेवग्याच्या शेंगा, गावठी अंडी, हंगामात करवंदं. अकरापर्यंत माल संपतो आणि परतीची गाडी सव्वाची. मधले दोन तास त्या कट्ट्यावर काढायच्या. कोपऱ्यातल्या नळावर हात-तोंड धुवायचं, फडक्यातली भाकरी सोडायची, लेकराला पदराखाली घ्यायचं. दिवसभरात तेवढाच वेळ त्या कुणाच्या कामाला बांधलेल्या नसायच्या. मी समोरून त्यांचं हसणं ऐकलेलं आहे. त्या हसण्यामुळे मंगळवारची दुपार दुकानात वेगळी वाटायची.

आता त्या बँकेच्या पायऱ्यांवर बसतात. पहारेकरी उठवतो. मग हॉटेलच्या बाजूच्या गटारावरच्या फरशीवर बसतात, तिथे दुचाकी लावणारे उठवतात. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी एक गरोदर बाई दुकानाच्या दारात आली. काही विकत घ्यायचं नव्हतं. म्हणाली, “ताई, जरा टेकू का? पोटात कळ आली.” माझ्या दुकानात एकच स्टूल आहे. ते दिलं. पण अख्ख्या गावात बसायला परवानगी मागायची वेळ तिच्यावर यावी, हे मला फार लागलं. ती ज्या कट्ट्यावर बसायची तिथे कुणाला विचारावं लागत नव्हतं. तो तिचाही होता.

कामवाल्या बाया दोन घरांच्या मधली वीस मिनिटं तिथे बसत. पोस्टमन तिथे टपाल लावून घेत. रक्तदाब मोजायला माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगायचे, “चालत आलात ना? कट्ट्यावर पाच मिनिटं शांत बसून या, मग मोजू.” घाईघाईने चालून आलेल्या माणसाचा आकडा चढाच येतो, मोजण्याआधी पाच मिनिटं बसायलाच हवं. आता मी काय सांगू? स्टुलावर आधीच कुणीतरी असतं.

दुसरी तक्रार मुलींच्या वाटेची आहे. सुशोभीकरणामुळे परिसर सुरक्षित होईल, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला अभ्यासिका आहे. साडेसातला मुली बाहेर पडतात. पूर्वी त्या तळ्याच्या कडेने यायच्या, कारण कट्ट्यावर सगळा गाव बसलेला असायचा. आज्या नातवंडांना घेऊन, कॉलेजातली पोरं, जेवणाआधी वारा खायला आलेली जोडपी, आमचे अण्णा आणि त्यांचे मास्तर. एखाद्याने वेडंवाकडं काही बोललं असतं तर दहा जणांनी मान वर केली असती. आता सात वाजता तिथे कुणी नसतं. थांबायचं तर कशासाठी थांबायचं? माझी भाची अकरावीत आहे. ती हल्ली बसस्टँडला वळसा घालून, हमरस्त्याने येते. मी विचारलं, कुणी काही बोललं का? म्हणाली, “नाही गं मावशी. पण तिकडून नको वाटतं आता.”

तिला कुणी त्रास दिलेला नाही. नुसत्या जागेने तिला सांगितलं की इथे तुझ्या बाजूचं कुणी नाही. तिने वाट बदलली, वेळ बदलली, आणि आता तिची आई म्हणते की अभ्यासिका बंद कर, घरीच अभ्यास कर. एका रेलिंगमुळे एका मुलीचा अभ्यास घरात आला. ही गोष्ट तुमच्या कुठल्याही अहवालात येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

तिसरी तक्रार पाट्यांची. नव्या रेलिंगवर मी अकरा पाट्या मोजल्या. बसू नये, थांबू नये, टेकू नये, खाऊ नये, कपडे वाळत घालू नयेत, प्राण्यांना खायला घालू नये. अकरापैकी एकही पाटी ‘या’ म्हणत नाही. जिथे पावलोपावली आपल्यावर संशय घेतला जातो तिथे माणसाचं मन त्या जागेवरून उडतं. कट्टा होता तेव्हा निर्माल्य पाण्यात टाकणाऱ्याला चाचा हाक मारायचे आणि कलश दाखवायचे. माणूस ओशाळून कलशाकडे वळायचा. आता लोक दुचाकी न थांबवता पिशवी रेलिंगवरून भिरकावतात. मी रोज बघते. माणसं तीच आहेत. पूर्वी तिथे कुणाच्या तरी नजरेला नजर द्यावी लागायची, आता तिथे फक्त पाटी आहे.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगते. झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट भरलं आहे. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आपल्याकडे २०२० नंतरही ते नव्याने भरलं जातं. दोन कडुनिंब आताच वरून वाळायला लागले आहेत. स्टीलचं रेलिंग एप्रिलमध्ये हात लावता येत नाही इतकं तापतं. उंच खांबांवरचे पांढरे दिवे समोरच्या घरांच्या खिडक्यांत घुसतात आणि रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा मात्र आजारी दिसतो. जुन्या पिवळ्या दिव्यांखाली माणसं बोलत बसायची. शेंगदाणे आणि भाजलेली कणसं विकणाऱ्या मावशींना हटवलं, पण पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्यांना दुसरी जागा दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलंत, त्याबद्दल मनापासून आभार. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला कुलूप आहे.

आता तुमची बाजू. तुमच्यापैकी दोघांशी मी बोलले आहे आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रात्री कट्ट्यावर दारू पिणारे बसायचे. सकाळी बाटल्यांच्या काचा मीही झाडलेल्या आहेत. दुपारी जोडपी बसतात अशी काही पालकांची तक्रार होती. गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. हे सगळं थांबायला हवं होतं, यात वाद नाही. पण दहा जण नकोत म्हणून तुम्ही पाचशे जणांची जागा काढलीत, आणि ते दहा जण गेलेले नाहीत. ते आता रेलिंगच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पायऱ्यांवर बसतात. तिथे ते रस्त्यावरून दिसत नाहीत, एवढाच फरक पडला.

हे आपल्याच गावात झालेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या ग्रंथालयामागे ब्रायंट पार्क नावाची बाग आहे. रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपण आणि दाट झुडपं, आत शिरायच्या वाटा अरुंद. १९७० च्या दशकात तिथे अमली पदार्थ विकणाऱ्यांचं राज्य झालं आणि बाकीचे लोक आत जायला घाबरू लागले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने सांगितलं की बाग बंदिस्त आहे हेच तिचं दुखणं आहे, ती उघडी करा. मग झुडपं काढली, वाटा रुंद केल्या, हलवता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली आणि माणसांनी भरून गेली. नको असलेल्या मंडळींना हटवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ती जागा बाकी सगळ्यांना हवीशी करणं, हे व्हाइट यांचं म्हणणं तिथे खरं ठरलं.

याच व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मोठ्या इमारतींसमोरच्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून माणसं मोजली होती. काही चौक भरलेले आणि काही ओसाड का, हे त्यांना शोधायचं होतं. आधी वाटलं ऊन असेल, मग वाटलं आकार असेल, मग वाटलं जागा मोठी असेल. शेवटी उत्तर साधं निघालं. जिथे बसायला जागा तिथे माणसं बसतात. तीही खास बाकंच लागतात असं नाही, फूटभर ते तीन फूट उंचीचा कुठलाही रुंद कठडा चालतो. भरलेल्या चौकांत बायकांचं प्रमाण जास्त असतं, आणि ते कमी झालं तर त्या जागेत काहीतरी बिघडलं आहे असं समजावं, हेही त्यांनी नोंदवलं. १९७५ मध्ये त्या शहराने नियमच केला की चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसायची जागा द्यायलाच हवी.

आपल्याला खरं तर तिकडे जायची गरज नव्हती. आपल्या भाषेत हे आधीपासून आहे. कानडीत झाडाभोवतीच्या पाराला ‘कट्टे’ म्हणतात. आपल्याकडे तो कट्टा झाला, आणि मराठीत त्याचा अर्थ नुसता दगडी बांध राहिला नाही. कॉलेजचा कट्टा म्हटलं की माणसं डोळ्यांपुढे येतात. चार लोक कवितेसाठी हॉलमध्ये खुर्च्या टाकून जमले तरी आपण त्याला कट्टाच म्हणतो. ज्या दगडावर बसलो त्याचंच नाव आपण भेटीला दिलं. पार, ओटा, ओसरी, चावडी, घाट, या सगळ्या बसायच्या जागा होत्या आणि गावातली निम्मी भांडणं तिथेच मिटत होती. जुन्या वाड्याचा ओटा रस्त्याच्या बाजूला असायचा, वाटसरूला टेकता यावं म्हणून. बांधणाऱ्याने तेवढी जागा आपली असून रस्त्याला दिलेली असायची.

मुंबईत शिवाजी पार्कला जाऊन बघा. १९२५ मध्ये मैदान लोकांसाठी उघडलं, १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. भोवती किलोमीटरभराहून लांब कट्टा आहे. सकाळी पाचपासून रात्री उशिरापर्यंत त्यावर माणसं असतात आणि कुणाला तिकीट काढावं लागत नाही. मरीन ड्राइव्हचा कठडा समुद्र अडवायला आहे, पण निम्म्या मुंबईने आपली सुखदुःखं त्यावर बसून बोललेली आहेत. त्यामागच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बसायच्या जागा केल्या. मी बहिणीकडे जाते तेव्हा तिथे मुद्दाम दहा मिनिटं बसते. आपल्या नगरपरिषदेने अभ्यासदौरा काढायचाच असेल तर तो एसटीच्या तिकिटात होईल.

आणि जोडप्यांबद्दल. मी दोन मुलांची आई आहे, त्यामुळे पालकांची काळजी मला कळते. पण आपल्या गावात दोन तरुण माणसांना उजेडात, सगळ्यांसमोर, शेंगदाणे खात बोलत बसायला दुसरी कुठली जागा आहे? ती तुम्ही काढलीत तर ती अंधारात आणि एकांतात बोलतील. आई म्हणून मला हे जास्त भीतीचं वाटतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

घाटाच्या बाजूचा उरलेला कट्टा पाडू नका. दुसऱ्या टप्प्याचं काम आजच थांबवा आणि आराखडा मराठीत, मोजमापांसह, नगरपरिषदेच्या भिंतीवर आणि तळ्यावर लावा. त्यावर चर्चा सभागृहात नको, तळ्याकाठी संध्याकाळी सहाला घ्या. मंगळवारी दुपारी एक बैठक बाजारच्या बायकांसाठी घ्या, कारण त्या सहाला येऊ शकत नाहीत.

पाडलेला कट्टा पुन्हा बांधा. पावसाळ्याआधी निदान बाजाराच्या बाजूचा. उंची दीड फूट ठेवा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला बसताही येईल आणि उठताही येईल. रुंदी दोन फूट ठेवा, म्हणजे मांडी घालता येईल, शेजारी पिशवी ठेवता येईल. कुणी आडवं होऊ नये म्हणून मधे लोखंडी दांडे घालू नका. पाण्यात पडण्याची भीती असेल तर रेलिंग कट्ट्याच्या मागे, पाण्याच्या बाजूला राहू द्या, आमची हरकत नाही, पाठ टेकायला उपयोगीच पडेल. काही ठिकाणी हाताने धरून उठता येईल असे आधार द्या आणि चाकाची खुर्ची शेजारी लावता येईल अशी मोकळी जागा सोडा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात असं सांगतो, तो तळ्यालाही लागू आहे.

स्वच्छतागृहाचं कुलूप काढा. या एका कामाला निविदा लागत नाही.

झाडांभोवतीचं सिमेंट फोडा. दिव्यांची उंची आणि झगमगाट कमी करा, उजेड वाटेवर पडू द्या. शेंगदाणेवाल्या मावशींना परत बसू द्या. त्यांची गाडी रात्री नऊपर्यंत असायची, आणि तोवर तिथे बाई माणूस एकटं नसायचं.

पाट्या उतरवा. एक ठेवा, कचऱ्याची.

रात्री दहानंतर पोलिसांची एक फेरी हवी, यासाठी पोलीस ठाण्याला नगरपरिषदेने पत्र द्यावं. दारूबद्दलची तुमची तक्रार खरी आहे आणि तिचा उपाय हा आहे.

आमच्या बाजूने आम्ही काय करू तेही सांगते. तळ्यासमोरच्या नऊ दुकानदारांशी मी बोलले आहे. आपापल्या दुकानासमोरचा कट्टा रोज सकाळी झाडायचं सगळ्यांनी कबूल केलं आहे. निर्माल्याचा कलश पुन्हा चाचांच्या नजरेखाली येईल. नव्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायची जबाबदारी अभ्यासिकेतली मुलं घेतात म्हणाली, फक्त त्यांना थांबायला जागा हवी.

शेवटचं एक काम लगेच करण्यासारखं आहे. जुन्या कट्ट्याचे घडीव दगड जलशुद्धीकरण केंद्राच्या मागे टाकलेले आहेत. गेल्या रविवारी मी अण्णांना रिक्षाने तिथे घेऊन गेले. काटेरी झुडपांत दगडांचा ढीग आहे, काही अर्धे मातीत गेले आहेत, आणि ट्रॅक्टरच्या ताज्या चाकोऱ्या बघता कुणीतरी ते न्यायला लागलं आहे. अण्णा काठी टेकत ढिगाभोवती फिरले. मधोमध खोलगट असलेला दगड त्यांना सापडला. खालच्या रांगेत, डावीकडून चौथा. त्यावर मी खडूने फुली करून ठेवली आहे. ढिगाचा पंचनामा करा, दगड मोजा आणि नगरपरिषदेच्या आवारात आणून ठेवा. हे या आठवड्यात होऊ शकतं.

आपली,
तळ्यासमोरच्या औषधांच्या दुकानातली एक रहिवासी